मागच्या अंगणात एक तास

१ जानेवारी १९९६
नवं वर्ष, नवं घर, नवा संकल्प. गुडगावच्या या घरामागे तीस बाय वीसची मोकळी जागा आहे. सध्या तिथे ठेकेदाराची उरलेली वाळू. तिथे लॉन, वेताचा झोपाळा, छोटं कारंजं. निमित्त आमची सौ., चंद्रप्रभा. ऑफिसातून पुण्याला बदलीचा फॉर्म घेऊन आलीय. शेवटची तारीख १५ फेब्रुवारी. म्हणाली, बावीस वर्षं दिल्लीत सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये काढली, आता रोज तीन तास चार्टर्ड बसमध्ये. घरी एक तास असा द्या की कुणी मला काही विचारणार नाही. मिळाला तर फॉर्म फाडते.
एक तास! माझ्या फॅक्टरीत एका तासात गाड्यांचे चारशे रबरी पार्ट निघतात.

४ जानेवारी
माळी म्हणाला, साहब, जाड़े में घास नहीं पकड़ती. म्हटलं, थंडीतही पकडेल. पत्र्याची ट्रंक घेऊन मी कराडहून इथे आलो तेव्हा माझ्याबद्दलही लोक हेच म्हणत होते. गवताच्या तयार लाद्यांची ऑर्डर दिली.

७ जानेवारी, रविवार
गवताच्या लाद्या बसल्या. हिरवंगार! शेजारचे भाटियाजी भिंतीवरून म्हणाले, वाह जी, क्या लॉन है. मी म्हणालो, आप ही का है जी. या एका वाक्यावर दिल्लीत धंदा वाढवला मी. आपली माणसं असं बोलायला लाजतात.
चंद्रप्रभा म्हणाली, अहो, ते खरं मानतील. म्हटलं, अगं, बोलायची पद्धत असते. कुणी खरं मानत नाही.

१३ जानेवारी
भाटियाजींनी खरं मानलं. लोहडी, म्हणजे पंजाब्यांची संक्रांत, आपल्या लॉनवर. मधोमध लाकडं पेटवली. रेवड्या, शेंगदाणे, ढोल. मी नाचलो. चंद्रप्रभाला सोळा बायकांनी विचारलं, आप मराठी लोग लोहडी पे क्या बनाते हो?

१४ जानेवारी
लॉनच्या मध्यभागी पाच फुटी काळं वर्तुळ. आमची रेवती म्हणाली, बाबा, बिल्कुल हेलिपॅड! कॉलेजात गेल्यापासून जीभ फार चालते. खरं तर कारंजं तिथेच यायचं होतं. मार्किंग फुकटात झालं.

२१ जानेवारी, रविवार
कारंजं सुरू. माझे कान तयार आहेत, मशीनच्या आवाजावरून कुठलं बेअरिंग गेलंय ते सांगतो. कारंज्याचा आवाज नंबर एक.
चंद्रप्रभा झोपाळ्यावर बसली, ४.१०. लाइट गेली, ४.२२. कारंजं बंद, सहा घरांचे जनरेटर चालू. सर्वांत मोठा आपला, नेमका झोपाळ्यामागे. तरी बारा मिनिटं झालीच की. म्हणजे वीस टक्के काम पूर्ण. कुठल्याही प्रोजेक्टला हा स्पीड उत्तम.

२४ जानेवारी, वसंत पंचमी
चंद्रप्रभाने मुद्दाम रजा घेतली. दहाला झोपाळ्यावर. सव्वादहाला भाटियाजींच्या मेहुणीचं कीर्तन मंडळ, सगळ्या पिवळ्या साड्यांत. मी त्यांना 'आप ही का घर है' कधी म्हणालो ते आठवत नाही. पण म्हणालो असणार, माझा स्वभावच तो. चंद्रप्रभाने चाळीस जणींना हलवा वाढला. चवीचं फार कौतुक झालं.

३० जानेवारी
सकाळी: आजपासून नाही म्हणायचं. दाढी करताना सराव केला. नहीं जी. सॉरी जी. मुश्किल है जी. छान जमतंय.
संध्याकाळी: भाटियाजी आले. दहा तारखेला मुलीचं लग्न, आणि हॉलवाल्याने आयत्या वेळी दगा दिला. डोळ्यांत पाणी. त्यांनी विचारायच्या आधीच माझ्या तोंडातून तेच वाक्य निघालं, आप ही का है जी. मलाही ते कानावर पडल्यावरच कळलं.
चंद्रप्रभा एक शब्द बोलली नाही. इतकी शांत तिला कधी पाहिली नव्हती. अंगणाचा परिणाम दिसू लागला.

१० फेब्रुवारी, शनिवार
सकाळी ७. तंबूवाले आले. झोपाळ्याला गुलाबी कापड, नवरीसाठी. कारंज्यात कोल्ड्रिंकच्या बाटल्या.
दुपारी ४. मागच्या दारातून लॉनवर गेलो. एका पगडीवाल्या गृहस्थांनी हात जोडले. आप लड़केवालों की तरफ़ से? मी म्हणालो, मकानवालों की तरफ़ से. ते म्हणाले, आइए, आइए, अपना ही घर समझिए. फार बरं वाटलं.
५ वाजता चंद्रप्रभा कुठे दिसेना. रेवती म्हणाली, आई भाटिया आंटींच्या मागच्या अंगणात बसलीय. धावत गेलो. भाटिया खानदान झाडून आपल्याकडे, त्यामुळे तिथे चिटपाखरू नव्हतं. विटांचा ढीग, गुडघाभर तण, तुटका कूलर, एक चारपाई. तिच्यावर मांडी घालून चंद्रप्रभा, हातात चहा. काय प्रसन्न दिसत होती!
म्हटलं, अगं, भिंतीपलीकडे एवढा ढोल वाजतोय. म्हणाली, ढोल काही विचारत नाही हो.
किती वेळ झाला? म्हणाली, सव्वा तास.
जिंकलो! म्हटलं, तास माझ्यामुळेच मिळाला ना? मी लॉन केलं नसतं तर हे अंगण रिकामं झालं असतं का? चल, फाड तो फॉर्म.
म्हणाली, तोच भरत होते. चार पानी आहे, जरा निवांतपणा लागतो.

११ फेब्रुवारी, रविवार
फॉर्म वाचला. सुरेख अक्षर, एकही खाडाखोड नाही. मी अजिबात खचलेलो नाही. माणसाला अनुभव आला की दुसरं काम पहिल्यापेक्षा सरस होतं. म्हटलं, पुण्याच्या क्वार्टरमागेही मोकळी जागा असणारच. पुढच्या आठवड्यात जाऊन मोजूनच येतो.
म्हणाली, तिसरा मजला मागितलाय.