हिरव्या कागदावरचे बैल

७ सप्टेंबर २०२५, रविवार

बालवाडी आहे नुसती! दाढ्या-मिशा आलेली माणसं अन् समोर खडूचे डबे. याला म्हणे चित्रोपचार. माझा मोठा भाऊ, घनश्यामदादा, स्वमग्न आहे; बोलला तर एखादा शब्द. अख्खा वेळ हिरवा खडू घासत बसला. अरे, घरी भिंतीवर डोकं आपटतो तो! डॉक्टर म्हणतो, यानं मन शांत होईल. वा रे डॉक्टर.

मी त्याला आमच्या मुर्रीवरून गोंदियाला गाडीवर नेतो ते दामिनीसाठी. वर्ग ती घेते. हे इथंच लिहितो, दुसरीकडे सोय नाही.

तिचा नियम: "हे काय काढलं, असं कुणी विचारायचं नाही. छान आहे, असंही म्हणायचं नाही." मग देवानं तोंड कायले दिलं?

१० सप्टेंबर

बाबूजींशी वाजलं. तेच रडगाणं— "इंजिनिअरिंग सोडून आला, आता पोरीमागं गाडी फिरवून राहिला!" मीही सोडलं नाही. ताट फेकलं. दादानं कपाळ फोडून घेतलं. बाबूजी म्हणाले, दिवाळी झाली का याला नागपूरच्या आश्रमात टाकतो, कायमचा.

टाकतो! धानाचं पोतं आहे काय तो?

१४ सप्टेंबर

दामिनी निळ्या कुर्त्यात. "बादलीभर पाणी आणतोस का?" म्हणाली. दोन बादल्या आणल्या! तिचा तो मदतनीस प्रफुल पोहे हाणत बसला होता. चष्मा लावला की माणूस शहाणा दिसतो, एवढंच.

वर्गावरून आलं की दादा नीट जेवतो, झोपतो. गाडीवरच्या हवेनं होत असेल.

२१ सप्टेंबर

पुढच्या रविवारी घरच्यांना चित्रं दाखवणार. बाबूजी येणार. अन् दादाचा कागद— हिरवा! कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत फक्त हिरवा! बाबूजी म्हणतील, यासाठी पेट्रोल जाळलं? अन् मग नागपूर पक्कं. दामिनीची फजिती होईल ती वेगळी.

सगळे बाहेर गेल्यावर काळा खडू घेतला. दादाच्या त्या हिरव्यावरच बैलजोडी काढली, झुली घातल्या, मागं झोपडी. पोळ्याला आमच्या बैलांची शिंगं मीच रंगवतो, हात बसलेला आहे. आता कसं चित्र दिसते!

२८ सप्टेंबर

दादानं कागद पाहिला अन् स्वतःचा हात चावला. मग डोकं. तिथं, सगळ्यांसमोर. तिथं तो कधीच आपटत नव्हता.

दामिनी चिडली नाही. चिडली असती तर बरं झालं असतं. "बैल काढायचे होते तर कागद मागायचा. तुला नाही म्हटलं असतं का? त्याची जागा कशाला घेतलीस?"

प्रफुल दादाशेजारी फरशीवर बसून राहिला. हात लावला नाही, बोलला नाही. दादा हळूहळू थांबला. राग आला मला त्या माणसाचा!

घरी बाबूजी: "पाह्यलं? आता नागपूर." मी असा ओरडलो की शेजारचे बाहेर आले. मायनं मला अंगणात ओढलं.

"हळू बोल ना बापा. तू होस्टेलले होता तवा घनश्याम डोकं नाही आपटे. तू आला, तुमी बाप-लेक भांडाले लागले, तवापासून आपटून राहिला."

"खोटं!"

"दामिनीताईनं मले नाव लिहाले गेली तवाच इचारलं, घरी ओरडते कोन? मी मनलं, टीवी."

२९ सप्टेंबर

माय पण त्यांच्याच बाजूनं! टीव्ही म्हणे.

सकाळी मोठ्यानं चहा मागितला. फक्त चहा. दादानं कान झाकले.

३ ऑक्टोबर

गप्प राहून पाहिलं. जमलं नाही. कालही बाबूजींशी वाजलं, मोटरपंपावरून. दादाच्या कपाळाची खपली निघाली.

५ ऑक्टोबर

बाबूजींना म्हटलं, घरातून एकानं जायचं आहे तर मी जातो. त्यांनी उठून गाडीची चावी घेतली अन् दादाला वर्गाला घेऊन गेले.

चुन्नीलालमामाच्या दुकानात माणूस पाहिजेच होता. दुकान तिरोड्याला; संध्याकाळच्या रेल्वेनं निघतो.