कठड्याजवळचे आठवे पॅनेल

मी, खाली सही करणारा, वय वर्षे एकाहत्तर, धंदा वायरमनकी, सध्या घरीच, हे माझे पहिले आणि शेवटचे मृत्युपत्र लिहून ठेवीत आहे. यासाठी मला कोणी भाग पाडलेले नाही, धमकावलेले नाही, की काही पाजलेले नाही. डॉक्टरांनी काल तपासून बुद्धी शाबूत असल्याचा दाखला दिला, तो सोबत जोडला आहे. छातीबद्दल ते जे बोलले ते दाखल्यात नाही, पण ही घाई त्यामुळेच आहे. वकीलबाई म्हणतात, मृत्युपत्रात कोणाला काय द्यायचे एवढेच लिहावे. मी तसे लिहिण्याचा प्रयत्न करीत आहे. कलम पाचपाशी ते जमणार नाही, हे आधीच कळवतो.

कलम एक. वडिलांच्या जागेवर मधे एक सामाईक भिंत घालून दोन घरे झाली. उजवे माझ्या थोरल्या बहिणीचे, डावे माझे. डावे घर माझ्या पश्चात माझ्या एकुलत्या एक मुलीस मिळावे. जावईबापूंनी ते विकण्याची घाई करू नये. स्वयंपाकघरातील नळ गळतो हे ते चौदा वर्षे मला सांगत आले, पण पाना एकदाही हातात घेतला नाही. घर नळासकट मुलीचे आहे.

कलम दोन. बँकेतील ठेवीतून आधी माझ्या दवाखान्याचा खर्च, मग कलम पाचमधील कामाचा खर्च भागवावा. उरेल ते मुलीस. याशिवाय माझ्या नावावर जे काही निघेल आणि ज्याचा उल्लेख येथे राहिला असेल, तेही तिलाच.

कलम तीन. माझी सर्व हत्यारे, म्हणजे ड्रिल, पक्कडी, टेस्टर आणि क्लॅम्प मीटर, माझ्या जुन्या भागीदारास द्यावीत. आम्ही बावीस वर्षे एका गाळ्यात दुकान चालवले आणि एका सकाळी तोडले. तो जुनी वायर पुन्हा वापरतो म्हणून मी त्याला भर दुकानात, गिऱ्हाइकांदेखत, चोर म्हणालो होतो. वायर तो वापरायचा हे खरे, पण गिऱ्हाइकाला सांगून आणि पैसे कमी घेऊन वापरायचा. हे मला तेव्हाही माहीत होते. त्याला चोर म्हणण्याची माझी लायकी नव्हती, हे खालील मजकुरावरून त्याला कळेल. त्याला हसायचे असेल तर हसू द्यावे. मीटर मात्र अजून बरोबर दाखवतो.

कलम चार. समोरचा औषधवाला आपली स्कूटर माझ्या फाटकात लावतो. यावरून झालेली सर्व भांडणे माझ्याकडून मिटली असे समजावे. त्याने स्कूटर तिथे लावू नये.

कलम पाच. माझ्या गच्चीवरील सोलरची आठ पॅनेले, इन्व्हर्टर, सांगाडा आणि वायरिंग, सर्व काही माझ्या थोरल्या बहिणीस द्यावे. तिच्या गच्चीवर ते बसवण्याचा खर्च माझ्या ठेवीतून करावा आणि काम परवानाधारक पण परक्या वायरमनकडून करून घ्यावे. नात्यातला नको.

याचे कारण असे.

अकरा वर्षांपूर्वी दोन्ही घरांवर सोलर बसवायचे ठरले. ते डोक्यात घातले मीच. ताई दवाखान्यात नर्स होती, नुकतीच निवृत्त झाली होती, आणि निवृत्तीचे पैसे जपून ठेवावेत अशा मताची होती. मी तिच्या मागे लागलो. दोन घरांचा माल एकदम घेतला तर भाव उतरेल, पाचसहा वर्षांत पैसे वसूल होतील, मग वीज जन्मभर फुकट. तिने विचारले, "आणि बसवणार कोण?" मी म्हणालो, "घरचा वायरमन असताना बाहेरच्याला मजुरी कशाला द्यायची?" मी बँकेचे कर्ज काढले आणि हप्ते फेडले. तिने सगळे पैसे एकरकमी मोजून दिले.

आधी मी माझी गच्ची घेतली. आठवे पॅनेल बसवताना मी सांगाड्यावरून घसरलो आणि हत्यारांच्या पिशवीसकट त्या पॅनेलवर बसकण मारली. या धंद्यात पॅनेलवर गुडघासुद्धा टेकायचा नसतो. हे मीच चारजणांना शिकवलेले. काच फुटली नाही. वरून बघणाऱ्याला ते पॅनेल कोरे करकरीत दिसले असते. पण काचेखालच्या पातळ चकत्या तडकतात आणि ते डोळ्यांना दिसत नाही. मी मीटर लावला. इतरांच्या मानाने त्याचा करंट दोनतृतीयांशही नव्हता.

अशा नुकसानीला हमी लागू नसते. नवीन पॅनेल घेण्याइतके पैसे माझ्याकडे होते, हे मी इथे लिहून ठेवतो, म्हणजे कोणी गरिबीची सबब माझ्या वतीने पुढे करणार नाही. अडचण पैशांची नव्हती. अठ्ठावीस वर्षांत हातून एक बल्बही फुटला नाही, असे मी सकाळीच औषधवाल्यासमोर छाती फुगवून सांगितले होते. ताईची आठ पॅनेले तिच्या गच्चीवर भिंतीला टेकवून ठेवलेली होती. ताई माझ्यासाठी प्यायचे पाणी आणायला खाली गेली. तेवढ्यात मी कठड्यावरून अदलाबदल केली. ती तांब्या घेऊन वर आली आणि म्हणाली, "दमलास रे धाकट्या, जरा बस." मी बसलो आणि पाणी प्यालो.

तिच्या गच्चीवर ते पॅनेल मी शेवटी, कठड्याजवळ बसवले. त्याच्या पाठीवरच्या नंबरच्या अखेरीस ४१७ आहे.

पॅनेले एकामागून एक जोडलेली असतात. पाण्याच्या नळीला एका जागी चाप बसला की पुढे सगळीकडेच धार बारीक होते, तसे ते आहे. ताईला नर्सची सवय, रुग्णाचा ताप लिहावा तसे ती रोजचे युनिट कॅलेंडरवर लिहायची. महिन्याभरात ती कॅलेंडर घेऊन आली. "तुझ्याकडे आठ पडतात, माझ्याकडे साडेपाच. असं का रे?"

काहीतरी बोलणे भाग होते. मी म्हणालो, "धूळ गं. तुझी बाजू रस्त्याची. धुवून काढत जा."

एवढेच वाक्य. त्यानंतर दर रविवारी ती बादली आणि फडके घेऊन शिडीने चढू लागली. धुतल्यावर थोडा फरक कोणत्याही पॅनेलला पडतोच. तेवढ्या फरकाने तिचा माझ्या बोलण्यावर विश्वास बसला. तरी बिल यायचेच. मग तिने गिझर बंद केला आणि आपल्याच हातून वीज जास्त जळते असे ती आल्यागेल्याला सांगू लागली. मी ऐकत असे.

माझ्या पत्नीने ती अदलाबदल खिडकीतून पाहिली होती. ती मला एका शब्दाने बोलली नाही. रविवार आला की पदर खोचून ताईकडे जायची आणि म्हणायची, "वन्सं, तुम्ही खाली थांबा, मी चढते." तीन वर्षे तिने ती पॅनेले धुतली. मग तिचे गुडघे गेले आणि ताई पुन्हा चढू लागली. चौथ्या वर्षी साबणाच्या पाण्यावरून पाय सरकून ती शिडीवरून पडली. कंबरेचे हाड मोडले. जन्मभर वॉर्डात उभी राहिलेली बाई तेव्हापासून काठीवर आहे आणि तिचा एक पाय आखूड झाला आहे.

दवाखान्यात जो येईल तो म्हणत होता, या वयात वर चढायची काय गरज होती. मीही म्हणालो. आयुष्यात मी बरेच खोटे बोललो असेन, पण त्या वाक्याची जितकी लाज वाटते तितकी कशाचीच वाटत नाही. ती म्हणाली, "चुकलंच माझं."

पत्नी जाण्याआधी मला दोनदा म्हणाली, "अहो, वन्संना सांगा." मी दोन्ही वेळा हो म्हणालो. त्याला पाच वर्षे झाली.

कोणी विचारील की पॅनेल गुपचूप परत का बदलले नाही. तासाभराचे काम होते आणि ताई पडल्यापासून तिची पॅनेले धुवायला मीच चढत होतो, म्हणजे संधीही दर आठवड्याला होती. पण बदलले असते तर दुसऱ्या दिवशी तिचे युनिट वाढले असते, माझे घटले असते, आणि तिने कॅलेंडर घेऊन विचारले असते की असं का रे. त्या प्रश्नाच्या भीतीने मी तिला साडेपाचावरच ठेवले.

म्हणून माझी आठही पॅनेले तिला द्यावीत. बुडालेल्या युनिटांची रक्कमही मी लिहिणार होतो. मोडलेल्या हाडाचा आकडा त्यात कुठे घालायचा ते कळेना, म्हणून तो कागद फाडला.

येथवर टाइप झालेला मजकूर आहे. यापुढचे कलम सहा मी आज हाताने लिहीत आहे.

कलम सहा. सह्यांसाठी आज डॉक्टर आणि औषधवाला आले. वकीलबाईंनी कलम पाच वाचले, चष्मा काढला आणि विचारले, "या बहीणबाई राहतात कुठे?"

मी भिंतीकडे बोट दाखवले.

"मग हे त्यांनी तुमच्या मागे का वाचायचं?"

उत्तर सगळ्यांनाच कळले होते. मी गेल्यावर ती कागद वाचील आणि तिचा चेहरा मला बघावा लागणार नाही, एवढ्यासाठीच मी हे सगळे मृत्युपत्रात घातले होते. मी औषधवाल्याला म्हणालो, "ताईला हाक मारा."

ती काठी टेकत आली. मी कलम पाच तिच्यासमोर मोठ्याने वाचले. 

तिने काठीने वर, आपल्या गच्चीकडे दाखवले. मग विचारले, "कठड्याजवळचं?"

"हो."

"तेच मी सगळ्यात जास्त घासायचे. वाटायचं, पक्षी बसतात म्हणून खराब होतं." मग म्हणाली, "आणि वहिनी यासाठी यायची होय. मला वाटायचं, हिला माझी माया."

"माया होतीच ताई."

"तू गप्प बस."

 ती वकीलबाईंकडे वळली. "साक्षीदार कोण लागतो?"

"ज्याला यातून काही मिळत नाही असा कोणीही. साक्षीदाराला काही दिलेलं असलं तर ते त्याला मिळत नाही, म्हणून तुम्ही नको."

"म्हणजे मी सही केली तर याची पॅनेलं मला घ्यावी लागणार नाहीत?"

"कलम पाच तुमच्यापुरतं रद्द होईल. ती मुलीकडे जातील. नीट विचार करा."

"अकरा वर्षं मी दुसरं काय करत होते?" ताई म्हणाली. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "तुझं मला काही नको. माझं एक पॅनेल तुझ्या गच्चीवर आहे, ते उद्या मला परत पाहिजे. दिवसाढवळ्या, सगळ्यांदेखत. कोणी विचारलं काय चाललंय, तर तू सांगायचंस. आणि तू चढू नकोस, माणूस बोलाव. पडलास तर तुझी सेवा मला करायला लावतील."

मी म्हणालो, "ताई, बाकीची सात तरी घे." तिने ऐकले नाही. औषधवाला पेन घेऊन उभा होता, ते तिने त्याच्या हातून घेतले.

वरील सर्व मजकूर मी स्वतः वाचला, तो खरा आहे, कलम पाचमध्ये सांगितलेल्या लाजेसकट खरा आहे. खाडाखोड नाही. मी दोन्ही साक्षीदारांदेखत, आणि त्यांनी माझ्यादेखत, सह्या केल्या आहेत.

लिहून ठेवणार: (सही) वायरमन, डावे घर

साक्षीदार पहिले: (सही) डॉक्टर

साक्षीदार दुसरे: (सही) लिहून ठेवणाऱ्याची थोरली बहीण, निवृत्त नर्स, उजवे घर

ठिकाण: राहत्या घराची पुढची खोली

तारीख: १३ फेब्रुवारी २०२४