वाटेवरची शेवंती

मद्रास, रविवार, दिवेलागण

कालव्याच्या काठाने आज एकटीच रमतगमत सायकलवर गेले. नदीजवळ वाटभर ताजी शेवंती पसरलेली. देवाची पालखी गेली असणार, असं वाटून एक फूल उचललं, केसांत माळलं.

दारातच शेजारच्या मामी ओरडल्या, "अय्यो! इथे प्रेतयात्रेत फुलं उधळतात गं! आधी डोकं धू!"

फूल फेकून डोकं धुतलं. तरी ते फूल मानेला टोचतंयच. मी शिकलेली ना? मग सारखी घड्याळाकडे का बघतेय?

हे तांबरमहून सहाच्या गाडीने येतात. सात वाजून गेले. गाडी उशिरा असेल. असेलच.

दिवा लावायला उठले, आरशात पाहिलं. कपाळ कोरं. डोकं धुताना कुंकूही गेलंय.

जिन्यात कुणाची तरी पावलं वाजतायत. करंडा सापडत नाहीये.