काकडाचं झाड

आये,

परवा शेवळं केली आणि घसा असा खाजला की विचारू नकोस. स्टेशनबाहेर रानभाज्या घेऊन बसणाऱ्या मावशीकडे जुड्या होत्या, पण त्यांची खाज मारायला घालायची ती आंबट फळं, काकडं, संपलेली. उद्या आणून देते म्हणाली. उद्यापर्यंत थांबेल ती तुझी लेक कसली! चिंच घातली की झालं, असं म्हणून ढकलली कढईत. दुसऱ्याच घासाला जीभ चरचरायला लागली. आगऱ्याची पोर आणि काकडांशिवाय शेवळं शिजवते! तू असतीस तर आधी पोटभर हसली असतीस, मग हातावर गूळ ठेवला असतास. घरात हसायलाही कोणी नाही गं. मीच उठले, डबा शोधला, गूळ खाल्ला आणि ताट घासून टाकलं.

मग आपल्या खरवईच्या शेताच्या बांधावरचं काकडाचं झाड आठवलं. तेव्हा मला नोकरी नवीन लागलेली, रविवारीसुद्धा डोक्यात घड्याळ. तू मला काकडं काढायला न्यायचीस आणि तिथे पोचलं की पदराने घाम पुसत नुसती बसून राहायचीस. काढायचं नाव नाही. मला मैत्रिणींबरोबर कॅम्प दोनच्या बाजारात जायचं असायचं, मी वैतागायचे. "घाई कनाला? बस जरा, बग," एवढंच म्हणायचीस. काय बघायचं ते कधी सांगितलं नाहीस. मी आपली तुझ्याकडे बघत बसायचे. तुझ्या कपाळावर पानांची सावली हलत असते, तू डोळे बारीक करून वर बघत असतेस.

शेत बिल्डरला गेलं, त्याच जागेवरच्या इमारतीत माझ्या वाटणीला हा फ्लॅट आला, भावंडं पांगली. रिटायर झाले तरी मी पळतेच आहे. सकाळी वॉक, मग बँक, मग बाजार. थांबलं की घर खायला उठतं. काल सकाळी काकडं शोधायला निघाले, तर आपलंच झाड पार्किंगमागच्या भिंतीशी उभं. रोज तिथून जाते मी, कधी वर मान करून पाहिलं नव्हतं. हिरवे घोस लोंबत होते. हात वर केला आणि तसाच खाली घेतला. शेजारी एक वीट पडली होती, तिच्यावर बसले. एक शिंजीर आला, इवलासा, फांदीला उलटा लटकून काहीतरी टिपत राहिला. माझ्या चपलांवर उन्हाचे कवडसे हलत होते. रडू आलं, आणि खूप दिवसांनी बरंही वाटलं. वॉचमन दोनदा घुटमळून गेला, मग जवळ येऊन म्हणाला, "मॅडम, किसी का वेट कर रहे हो क्या?" मी हो म्हणाले.

उठताना मूठभर काकडं काढून आणली होती, आजची भाजी चांगली झालीय, घसा खाजला नाही. हे पत्र टाकणार तरी कुठे, फ्रीजवर ठेवून देते. फक्त एक सांगायचं राहिलं. त्या वॉचमनला मी टाळायला हो म्हटलं नव्हतं, आये. मी खरंच तुझी वाट बघत होते.