भरल्या वाडग्याचा आवाज

गंगाखेड. शके १८५९, कार्तिक व. ४
पोरं पाढे म्हणत होती. मला नुसते ओठ हलताना दिसले. हेडमास्तरांचा घोगरा आवाज मात्र पार व्हरांड्यातून आला. मग मी बहिरा कसा? घरी ही गप्प. ताट ठेवलं, आत गेली. लय थकलो बुवा.

व. ६
शेजारचे आप्पा बोलले. ही त्यांच्या घरात रडली म्हणे, "चार हाका मारते, वळूनसुदिक बगत न्हाईत. एवढी नकोशी झाले का मी?" अमावास्येनंतर राणीसावरगावला, माहेरी निघाली. भाऊ बैलगाडी घेऊन येणार. खरं सांगावं, तर गावभर होईल. बहिऱ्या मास्तरला कोण ठेवतं?

व. ९
'आवाज' हा धडा. शाळेत साहित्याच्या नावानं बोंब. तळपाय घासायचा काशाचा वाडगा घरून नेला. लाटण्यानं टोला दिला. पोरं खूश. मला काहीच ऐकू आलं नाही. घोटभर पाणी ओतून परत टोला. काठाशी चार जागी पाणी शहारलं, त्यांच्या मधल्या चार जागी गप्प. आवाज डोळ्यांना दिसला, कानाला नाही आला. फळ्याकडं तोंड करून डोळे पुसले.

व. १०
शाळा सुटल्यावर एकटाच बसलो. पाणी वाढवत गेलो. अर्धा वाडगा, नाही. पाऊण, कायतरी... काठोकाठ भरला आन् घुंऽऽ! आला की रे! पाण्याच्या ओझ्यानं काठ सावकाश हलतो, आवाज खाली उतरतो. म्हणजे माझे बारीक आवाजच तेवढे गेले. हिचा आवाज पहिल्यापासून बारीक. लग्नात उखाणा घेतला तो अजून आठवतो.

अमावास्या
शेवटी सांगितलं. वाडगा पुढ्यात ठेवला. रिकामा वाजवला, "हे येत नाही." भरून वाजवला, "हे येतं. तुझा आवाज रिकाम्या वाडग्यासारखा बारीक आहे गं."

तिनं वाडग्यातलं पाणी बोटानं हलवून पाहिलं. मग हनुवटी खाली घेऊन, बाप्यासारखा भरडा आवाज काढून म्हणाली, "अवो मास्तर, ऐकायलाव का?"

ऐकलं. किती दिवसांनी! दोघंही हसलो. तिचे डोळे भरले होते.

मग उठली, दाराजवळच्या गाठोड्याकडं वळली आणि पाठमोरी काहीतरी बोलली. तिच्या स्वतःच्या आवाजात. मान हलली तेवढी दिसली, ओठ दिसले नाहीत.

राहते म्हणाली की जाते, परत विचारायचा धीर होईना. गाडी सकाळी येणार. गाठोडं दाराशीच आहे.