लिव्हरपुलात निवलेलं कढण

लिव्हरपूल, १२ मार्च १९३४

प्रिय चतुरा,

तुहं पत्र काल पोचलं. पाचवा लागला हे वाचून मी खुर्चीवरून उठून उभीच राह्यली. मंग खाली तू लिवलं की उठता-बसता डोळ्यापुढं अंधारी येते, पण काही नाही, होते असं. ती ओळ मी चारदा वाचली. हे पत्र आधी तू एकटीच वाचजो. पाटीवर तुह्या हाताले धरून अक्षरं शिकवली, ती अशा वेळीच कामाची.

आमाले इथं दीड महिना झाला. तुहे भासरे रोज सकाळी रुईची पारख शिकायले बाजारात जातात. आमी राह्यतो ते हॉटेल म्हणजे काही महाल नाही, गल्लीतलं आठ खोल्यांचं घर, जिना असा अरुंद की ज्वारीचं पोतं घेऊन चढणारा मधीच अडकून बसन. सासूबाईंनी मले समुद्रापार धाडलं ते लेकाले घरची भाकर मिळावी म्हणून. पीठ आणलं, तवा आणला. मालकीणबाईनं तवा पाह्यला आन् खोलीत चूल पेटवायची नाही म्हणून बजावलं. आता त्या तव्यावर मी कंगवा ठेवते.

पहिल्या दिवशी खाली मोठ्या टेबलावर जेवायले बसलो. विचार कर, नवऱ्याच्या शेजारी, चार परक्या बुढ्या साहेब लोकाईच्या समोर. मालकिणीनं सगळ्यात आधी माह्यापुढं पातळ कढण ठेवलं. मी मान खाली घालून बसली. तुहे भासरे जेवल्याबिगर मी घास कशी घेऊ? आन् इथली रीत अशी की टेबलावर बाई असली तर तिनं चमचा उचलल्याबिगर कोणीच खात नाही. हे मले कोण सांगणार? मी याईची वाट पाहून राह्यली, हे साहेब लोकाईची, आन् साहेब माही. चारही बुढे चमचे धरून बसले. कढण निवलं, वर चरबी गोठली. मालकिणीले वाटलं बिघडलं, तिनं सगळ्याईचं उचलून पुन्हा उकळून आणलं. दोन दिवस हाच तमाशा. तिसऱ्या दिवशी एका बुढ्यानं याईच्या कानात रीत सांगितली, तवा हे मले म्हणाले की खा आता, माणसं उपाशी मरून राह्यली. मी पदर पुढं ओढून पहिला चमचा उचलला.

दुसऱ्याच हप्त्यात मी जिन्यात चक्कर येऊन पडली. मालकिणीनं डॉक्टरीणबाई बोलावली. तिनं पापणी उलटून पाह्यली, नखं पाह्यली, अंगात रक्त नाही म्हणाली. लेकरं किती, म्हणून विचारलं. याईनं सांगितलं, एक सातव्यात गेलं, एक अकरा दिवसाचं होऊन गेलं. मंग तिनं विचारलं की तवा घरी काय खात होती. मी खरं ते सांगितलं. आधी माणसं जेवतात, मंग सासूबाई, मंग टोपल्यात उरन ती भाकर आन् तळाचं वरण. पाव्हणे आले तर तेही नाही. तुहे भासरे हे तिले इंग्रजीत सांगता सांगता मधीच थांबले. नऊ वर्षांत याईनं मले जेवताना पाह्यलंच नव्हतं, चतुरा. चाळीस एकराचं घर, ज्वारीच्या थप्प्या आढ्याले लागलेल्या, आन् सून अर्धपोटी हाये हे कोणाले ठाऊक नाही. सुनेले बी नाही. मले वाटे, पोट भरणं म्हणजे एवढंच असते.

गेलेल्या लेकराईचं खात्रीनं सांगता येत नाही, म्हणाली डॉक्टरीण. मले मात्र लय राग आला. सासूबाईंचा नाही, त्याईनं बी जन्म तसाच काढला. राग मले माहाच आला. तू किन्हीराजाले आपल्या घरी नवी आली तवा भूक लागली म्हणून ताट घेतलं होतं. ते तुह्या हातातून मीच काढून घेतलं, आन् सुनेनं आधी घर पाहावं असं मीच सांगितलं. तुहं पहिलं गेलं तवा देवाची मर्जी म्हणून समजूत बी मीच घातली.

ती रीत तुले मी शिकवली, तर मोडायची बी मीच. त्याच्यासाठी हे लिहून राह्यली. पत्र पोचेस्तोवर तुले सहावा लागन, तवा आता एक दिवस बी घालवायचा नाही. उठ, टोपलं उघड, गरम भाकर घे, दूध घे, तूप घे, आन् सासरे मामाजी ओसरीवर जेवायले बसायच्या आधी पोटभर जेव. नानाजी भावजींले समोर बसव, बायको जेवताना कशी दिसते ते त्याईले बी कळू दे. सासूबाई हावरी म्हणतीन. म्हणू दे. त्याईच्या थोरल्या लेकानं बी इथून वेगळं पत्र धाडलं हाये, त्यात हेच लिवलं हाये. आमी पोळ्यापर्यंत येऊ. मले त्या घरात लेकरू रडलेलं ऐकायचं हाये. हे पत्र पुन्हा वाचत बसू नको. आधी जेव.

तुहीच जाऊ,
मनकर्णा