साल काढू नये, सालीचा काढा करावा

प्रति,
मा. मुख्य तपासणी अधिकारी,
जंतुशास्त्र विभाग,
औषध तपासणी प्रयोगशाळा.

विषय: लाकूड तपासून साल निकामी ठरवल्याबद्दल तक्रार व फेरतपासणीची मागणी.

संदर्भ: आपला अहवाल, शेरा ‘जंतुरोधक क्रिया: निरंक’.

महोदय,

सविनय, परंतु दात-ओठ खात, अर्ज करते की,

१. माझ्या सासूबाई आमच्या गल्लीतील पत्र्याच्या कारखान्यात कापलेले कामगारांचे हात-पाय बाभळीच्या सालीच्या काढ्याने धुतात. धूत असत, असे आता लिहावे लागते. हे औषध जंतू मारते की नाही हे एकदा तपासून घ्या, असा हट्ट त्यांनीच धरला. साल वाळू नये म्हणून मी ती फांदीवरच ठेवून तुकडे आपल्या खिडकीवर दिले. आपल्याच छापील चिठ्ठीत ‘नमुना’ या शब्दापुढे ‘साल’ आणि ‘प्रकार’ या शब्दापुढे ‘काढा’ असे लिहिले. याहून सरळ मराठी मला येत नाही.

२. त्यावर आपले पत्र आले की, ‘साल नमूद आहे, परंतु कोणते साल याचा बोध होत नाही.’ मी कळवले, बाभळीची. तरीही आपल्या कार्यालयात कोणाची ट्यूब पेटली नाही.

३. पुढे ‘निरंक’ आले. मी विचारायला आले तेव्हा आपल्या विभागातील बाईंनी आपुलकीने काचेची बशी दाखवली. दवाखान्यातल्या औषधात भिजवलेल्या कागदी चकतीभोवती जंतू मरून स्वच्छ वर्तुळ पडले होते. आमच्या चकतीला जंतू अगदी खेटून बसले होते. उकळले तरी काय, असे मी विचारले. त्या म्हणाल्या, “आतलं पांढरं लाकूड. तुम्हीच लिहिलं होतंत ना, ‘साल काढा’? आम्ही काढली. फार चिवट होती हो.” साल कुठे आहे विचारले, तर कचऱ्यात गेली म्हणे. मी कपाळाला हात लावला. बाईंना वाटले, मला चक्कर आली. त्यांनी पाणी दिले, ते मी प्यायले.

४. फेरतपासणी मागितली, तर आपले कारकून म्हणतात, ‘मूळ नमुना सादर करा.’ नमुना आपण फेकला. की आता मी झाड उकरून मूळ आणू? आणलेच, तर आपण ते स्वीकाराल, अशी मला दाट शंका आहे.

५. इथवरचे हसण्यावारी नेता आले असते. पण सासूबाईंचा छापील कागदावर माझ्यापेक्षा जास्त विश्वास आहे. चूक तुमची नाही, प्रयोगशाळेची आहे, असे मी घसा फोडून सांगितले, तर म्हणाल्या, शिकलेली माणसे एवढे करतील का? त्यांनी काढ्याचे पातेले पालथे घातले. काल त्या कारखान्यातल्या एका लेथवाल्याच्या दारात गेल्या. फार पूर्वी त्याचे बोट त्यांनी धुतले होते, तरी ते चिघळले आणि दवाखान्यात कापावे लागले. त्याच्यापुढे हात जोडून त्या म्हणाल्या, “तुझं बोट मी नुसत्या पाण्यानं धुतलं रे बाबा. माफ कर मला.” आज त्या एका वेल्डरच्या घरी निघाल्या होत्या. मी दाराला आतून कडी घातली आणि हा अर्ज लिहायला बसले.

६. महोदय, औषध गुणकारी आहे असे लिहून द्या, ही माझी मागणी नाही. साल तपासा. तेव्हाही निरंक आले, तर मीच सासूबाईंचा हात धरून त्यांना दारोदार माफी मागायला नेईन, आणि त्यांच्या आधी मी वाकेन. पण आपण जे तपासलेच नाही, त्याची माफी मी त्यांना मागू देणार नाही. दाराची कडी आपल्या उत्तरापर्यंत तशीच राहील; हा अर्जही गजांतून शेजाऱ्यांच्या हाती देत आहे. उत्तर लवकर द्यावे. आत आम्ही दोघी आहोत आणि त्या माझ्याशी बोलत नाहीत.

आपली, नम्र राहण्याची पराकाष्ठा करणारी,
जखमा धुणाऱ्या बाईंची सून

दिनांक: आपली खिडकी उघडेल तो.

सोबत:
१. आपल्या अहवालाची प्रत.
२. बाभळीची साल, फडक्यात बांधून. हे वर्ष नाही. ही मी आधीच काढलेली आहे. आता फक्त उकळावी.